संग्रहालयातली मशीनगन वाचायची तर आधी भोक शोधा

काचेपलीकडे मशीनगन दिसली की लोक पाटी वाचतात. मी बावीस वर्षं फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, मी आधी बॅरलखाली बघतो. तिथे दुसरी नळी आहे? मग ती बहुतेक गॅसवर चालणारी. गोळीमागचा थोडा गॅस बॅरलच्या भोकातून त्या नळीत येतो, पिस्टन मागे ढकलतो आणि ब्रिच, म्हणजे बॅरलचं काडतूस बसतं ते मागचं तोंड, उघडतं. मॅक्सिमच्या 1884च्या गनला असं भोकच नाही, ती गोळी सुटतानाच्या धक्क्यावर चालते. तिथे थांबू नका.

नळीऐवजी लोंबता दांडा दिसला तर ती ब्राउनिंगची 1895ची कोल्ट. बॅरलच्या तोंडाजवळून निघालेला गॅस दांड्याला खाली-मागे झोकतो. गन बुटकी लावली की दांडा माती उकरायचा, म्हणून शिपाई तिला 'बटाटे खणणारी' म्हणत. बॅरलच्या मुळाशी जाड कड्या दिसल्या तर हॉचकिस, तिचा पिस्टन सरळ रेषेत चालतो. लुईसमध्ये पिस्टनचे दाते एका चक्राला फिरवतात, आणि स्प्रिंग घड्याळासारखी गुंडाळलेली असते.

खरा वेळ द्या ब्रेन या ब्रिटिश हलक्या मशीनगनला. तिची आई चेक झेडबी 26. तिच्यात भोक बॅरलच्या टोकाकडे होतं, पण ब्रिटिश काडतुसातल्या कॉर्डाइट या दारूची काजळी धरायची. म्हणून भोक बरंच मागे, ब्रिचच्या दिशेला आणलं. तिथेच पिस्टनकडे किती गॅस जाईल ते ठरवणारा रेग्युलेटर शोधा, लहान-मोठी चार भोकं असलेला. काजळीने गन सुस्तावली की बॅरल किंचित पुढे सरकवायची, गोळीच्या टोकाने रेग्युलेटर फिरवायचा आणि पुढचं मोठं भोक लावायचं. उगाच मोठं लावलं तर गन स्वतःलाच ठोकून घेते.

आमची 1बी म्हणजे 7.62 मिमीची ब्रेनच. रिक्रूट असताना मी बॅरलमधून चिंधी मारून ती लखलखीत केली आणि रेग्युलेटर सगळ्यात बारीक भोकावर ठेवून दिला. फायरिंगला दोन गोळ्या सुटल्या आणि गन गप्प. आमच्या उस्तादांनी, म्हणजे शिकवणाऱ्यांनी, काही विचारलं नाही, गन डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या.

शेवटी अमेरिकन एम60 असेल तर गॅस सिलिंडरच्या नटांवर बांधलेली तार बघा. नट ढिले होत, म्हणून ती बांधावी लागे. शिवाय तिचा पिस्टन उलटाही बसतो, आणि तसा बसला की एका गोळीनंतर गन थांबते. आमच्या उस्तादांनी हे पाहिलं असतं तर रिक्रूटला सोडून डिझायनरलाच फेऱ्या मारायला लावल्या असत्या.