सात सीटर घेताय? आधी डिकी उघडून बघा

ब्रोशरमधे सात सीट लिहिलंय म्हणून सात माणसं आणि त्यांच्या बॅगा दोन्ही मावतील असं काही नसतं. तिन्ही रांगा उभ्या ठेवल्या की अर्टिगाची डिकी 209 लिटर, ट्रायबरची तर फक्त 84, म्हणजे दोन सॅक आणि खाण्याची पिशवी, संपलं. पण ट्रायबरची मागची सीट काढून घरी ठेवता येते, मग 625 लिटर मिळतात, पाच जण आणि गावाहून आणलेलं तांदळाचं पोतं आरामात. सीएनजी अर्टिगात सिलेंडर डिकीतच असतो, ती जागा गेलीच समजा, मग टपावर कॅरियर लावत बसा.

शोरूमला घरातल्या सगळ्यात उंच माणसाला आणि आजीला घेऊनच जा, उंच माणसाला दहा मिनिटं तिसऱ्या रांगेत बसवा, गुडघे छातीला लागतायत का विचारा, आजीला मधल्या सीटवर कुणी हात न देता चढता येतंय का तेही बघा. इनोव्हात कॅप्टन सीट, म्हणजे मधल्या रांगेत सलग बाकाऐवजी दोन सुट्या सीट, घेतल्या तर मधून मागे जाता येतं पण एक माणूस कमी बसतो (आणि आपल्याकडे ऐनवेळी एक पाहुणा वाढतोच). टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नका, गाडी भरा, एसी लावा आणि चढावर न्या.