टांगते मचाण निवडताना: आधी झाड, मग पट्टा, शेवटी बैठक

मुळशी, भोर किंवा आंबेगाव तालुक्यात डोंगराला लागून ज्यांची शेती आहे, अशा पुण्यातील अनेकांना उन्हाळ्यात पाण्यावर येणारे सांबर किंवा भेकर न बुजवता पाहावे, जमल्यास त्याचे छायाचित्र घ्यावे, अशी इच्छा असते. त्यासाठी चार खांबांचे कायमचे मचाण उभारण्यापेक्षा खोडाला पट्ट्याने आवळून बसवायचे, एकट्यापुरते टांगते मचाण सोयीचे पडते. हा प्रकार अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी रूढ झाला. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि त्या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणे व जनावर हाकणे यांचाही समावेश होतो. म्हणून मचाणासमोर मीठ किंवा धान्य टाकण्याचा विचारही करू नये. अभयारण्यात स्वतःचे मचाण लावता येत नाही, तेथे वन विभागाच्या परवानगीने आणि त्यांच्याच मचाणावर बसावे लागते. पुढील विवेचन स्वतःच्या जमिनीवरील झाडापुरते आहे.

खरेदीला निघणारा माणूस आधी बैठकीची रुंदी आणि गादी पाहतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. कोणते मचाण घ्यावे हे झाड ठरवते आणि कोणते झाड घ्यावे हे वारा ठरवतो. सांबराचे नाक अतिशय तीक्ष्ण असते; माणसाचा वास एकदा त्याच्याकडे गेला, की मचाण कितीही उंच असले तरी सांबर पाण्यापर्यंत येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या परिसरात दुपारनंतर वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, म्हणून पाण्याच्या पूर्वेकडील झाड सोयीचे ठरते, मात्र तेथे बसल्यावर मावळतीचे ऊन डोळ्यांवर येते, हे छायाचित्रकाराने गृहीत धरावे. सूर्यास्तानंतर थंड हवा ओढ्याच्या उताराने खाली सरकते, त्यामुळे रात्रीपर्यंत थांबायचे असल्यास पाण्याच्या वरच्या अंगाला बसू नये. चिमूटभर राख हवेत सोडून दोन-तीन संध्याकाळी वारा पाहून घ्यावा आणि मगच झाड नक्की करावे.

झाड जिवंत, सरळ आणि एकाच खोडाचे असावे. बाजारातील बहुतेक टांगती मचाणे सुमारे 23 ते 50 सेंटीमीटर व्यासाच्या खोडासाठी बनवलेली असतात. याहून जाड खोडाला पट्टा पुरत नाही आणि बारीक खोड वाऱ्याने हलते. आपल्या भागात ऐन हे झाड मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण त्याचे खोड सरळ असते आणि भेगाळलेल्या खडबडीत सालीवर पट्टा घसरत नाही. आंबा चांगला, पण जुन्या आंब्याला भिरूड (खोड पोखरणारी अळी) लागून आतून पोकळी झालेली असू शकते. बुंध्याशी भुसा पडलेला दिसला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर ते झाड सोडून द्यावे. शेवगा आणि गुलमोहर ठिसूळ असल्यामुळे टाळावेत, निलगिरीची साल सोलून निघते आणि सावरीच्या मोठ्या झाडांवर आग्यामोहोळ बसते. वरच्या फांद्यांवर वाळके लाकूड, मोहोळ किंवा तांबड्या मुंग्यांची पानांची घरटी नाहीत ना, हे दिवसाउजेडी नीट पाहावे. खिळे आणि स्क्रू ठोकू नयेत. पुण्यात झाडे खिळेमुक्त करण्यासाठी नागरिकांनी मोहीम चालवली आहे, त्यामागचे कारण येथेही लागू आहे: जखमेतून कीड आणि बुरशी आत शिरते, आणि ज्या खोडावर आपला जीव टांगायचा तेच आतून कमजोर होते.

दौंड-बारामतीकडील माळरानात, जेथे चिंकारा दिसतो, तेथे बाभूळ आणि हिवर बुटके व वाकडे असतात. तेथे टांगत्या मचाणाचा नाद सोडून जमिनीवरचा आडोसाच करावा.

प्रत्यक्ष मचाण घेताना त्यावर लिहिलेली भारक्षमता प्रथम वाचावी. ती बऱ्याच मचाणांवर 136 किलो असते आणि तिच्यात बसणाऱ्याबरोबर कॅमेरा, पाणी, कपडे असे सर्व वजन धरलेले असते. ॲल्युमिनियमचे मचाण वाहून न्यायला हलके, लोखंडी जड पण स्वस्त. ज्याला शेतातल्या एकाच झाडावर ते लावायचे आहे त्याने वजनाची फार चिंता करू नये. पाय ठेवण्याची फळी सुमारे 60 बाय 75 सेंटीमीटर असली, तर उभे राहून वळता येते. उघडताना आणि वजन टाकताना सांधे कुरकुरत असतील तर ते मचाण परत ठेवावे. भोसरीसारख्या ठिकाणी वर्कशॉपमधून करून घेतले, तर वेल्डिंग स्वतः तपासावे आणि मचाण गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधून आपल्या वजनाच्या दुप्पट वाळूच्या गोण्या त्यावर रात्रभर ठेवून पाहाव्यात.

उंची साडेचार ते सहा मीटर पुरेशी आहे. बिबट्या झाडावर सहज चढतो, त्यामुळे आणखी वर गेल्याने त्याच्यापासून संरक्षण मिळत नाही, पडण्याचा धोका मात्र वाढतो.

हार्नेसबद्दल, म्हणजे पडताना माणसाला धरून ठेवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांबद्दल, कोणतीही तडजोड नको. बजेट अपुरे असेल तर मचाण साधे घ्यावे, पण हार्नेस पूर्ण शरीराचा आणि प्रमाणित असावा. बांधकामावर वापरल्या जाणाऱ्या हार्नेसवर आयएस 3521 हे मानक चिन्ह शोधावे. गिर्यारोहणाचा कमरेचा हार्नेस अनेक पुणेकरांच्या घरी असतो, परंतु मचाणावरून पडताना माणूस त्यात उलटा होऊ शकतो. बांधकामाच्या हार्नेससोबत येणारा सुमारे 1.8 मीटरचा दोर येथे लांब पडतो; त्याऐवजी खोडावरून जमिनीपर्यंत एक जाड दोर सोडून त्यावर प्रुसिक गाठ (सैल असताना सरकणारी, पण भार येताच आवळणारी गाठ) घ्यावी, हार्नेस तिला जोडावा आणि ती चढताना आपल्याबरोबर वर सरकवावी. अशाने पहिली पायरी चढल्यापासून परत जमिनीवर पाय टेकेपर्यंत माणूस बांधलेलाच राहतो. शिडीवरून मचाणावर पाऊल टाकण्याचा क्षण विशेष धोक्याचा असतो, म्हणून शिडी मचाणाच्या फळीच्या वरपर्यंत न्यावी आणि पाऊल खाली टाकता येईल असे करावे. बसल्यावर दोरात ढील उरू नये. पडून हार्नेसमध्ये लोंबकळत राहिल्यास पायांत रक्त साचून काही मिनिटांतच जिवाला धोका होतो. त्यासाठी पाय अडकवून उभे राहता येईल असा पट्ट्याचा फासा खिशात ठेवावा. कॅमेरा आणि पिशवी पाठीवर न घेता नंतर दोराने वर ओढून घ्यावी. आपण कोणत्या झाडावर आहोत आणि किती वाजता उतरणार, हे घरी सांगितल्याशिवाय चढू नये.

वळवाचा गडगडाट लांबून ऐकू आला तरी लगेच उतरावे. पावसाळ्यापूर्वी मचाण काढून कोरड्या जागी ठेवावे, कारण खोड वाढत राहते, पट्टा ताणला जातो आणि उन्हापावसाने त्याचा धागा कुजतो. पट्ट्याचा रंग उडाला असेल किंवा कडेचे धागे सुटले असतील, तर बाकी मचाण नवे दिसत असले तरी पुढच्या हंगामासाठी उत्पादकाचाच नवा पट्टा आणावा.