एचआयव्हीच्या कामावर नवीन माणूस घेतलाय? फील्डवर सोडायच्या आधी एवढं शिकवा

निपाणी, चिक्कोडी, अथणी, खानापूर ह्या आपल्या कर्नाटकातल्या बेळगावच्या पट्ट्यात छोट्या संस्थेत आउटरीच वर्कर, म्हणजे गावोगावी पेशंटच्या घरी जाऊन पाठपुरावा करणारा माणूस, घेतला की बहुतेक वेळा असं होतं, इंडक्शन ट्रेनिंग पुढच्या बॅचला आहे म्हणतात आणि तोपर्यंत त्याच्या हातात पेशंटची लिस्ट देऊन गावात पाठवतात. हे करू नका. सरकारी ट्रेनिंग हवंच, ते चुकवायचं नाही, पण ते होईपर्यंत ऑफिसात बसून तुम्हीच काही गोष्टी घोटून घ्या. खालचा क्रम मॉड्यूलमधला नाही, कुठल्या चुकीनं पेशंटचं घर मोडू शकतं त्या हिशोबानं लावलाय.

पहिलं म्हणजे गुप्तता. २०१७ चा एचआयव्ही एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्यात पेशंटच्या लेखी संमतीशिवाय त्याचं स्टेटस, म्हणजे एचआयव्ही आहे की नाही ते, कुणाला सांगता येत नाही, उपचारासाठी लागणारी माहिती किंवा कोर्टाचा आदेश असे थोडे अपवाद सोडले तर. नवीन मुलांना एक कलम नक्की वाचून दाखवा, नवऱ्याला किंवा बायकोला सांगायचा अधिकार फक्त डॉक्टर आणि काउन्सेलरला आहे, तोही आधी पेशंटला समजावून, तो स्वतः सांगणार नाही अशी खात्री झाल्यावर आणि आम्ही सांगणार आहोत हे त्याला कळवून. बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर तेही नाही. आउटरीच वर्करनं "बायकोचं भलं व्हावं म्हणून" सांगून टाकणं हे भलं नव्हे, कायदा मोडणं आहे.

पण कलम पाठ करून भागत नाही, फोनचा रोल-प्ले घ्या. एकानं सासू व्हायचं, नवीन माणसानं फोन लावायचा.

"कोण बोलतंय?"
"एआरटी सेंटरातनं बोलतोय, सुनबाई हायत का?"

संपला विषय, एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, आता सुनेचं स्टेटस सासूला अर्धं कळलं. परत लावायला सांगा. पेशंट पहिल्यांदा भेटेल तेव्हाच विचारून कार्डवर लिहायचं, फोन कुठल्या नंबरवर, किती वाजता, कुणाच्या नावानं आणि दुसऱ्यानं उचलला तर काय बोलायचं. तसंच घरी जाताना. गावात शिरलात की कट्ट्यावरचे चारजण "कुणाच्यात आलाय?" विचारणारच, त्याचं उत्तर पेशंटशी आधी ठरलेलं पाहिजे, आयत्या वेळी सुचत नाही. लाल रिबन छापलेली बॅग आणि संस्थेचं स्टिकर लावलेली गाडी गावाबाहेर ठेवा. ट्रेनिंगमध्ये फुकट मिळालेली ती बॅग लोक हौसेनं मिरवतात, काय बोलायचं.

दुसरं गोळ्या मोजणं. बघायला सोपं वाटतं पण इथंच नवीन माणूस घसरतो. ३० गोळ्यांची बाटली दिली, पेशंट २८ व्या दिवशी आला तर २८ खाऊन झालेल्या आणि २ उरलेल्या पाहिजेत. उरल्या ५, म्हणजे खाल्ल्या २५. २५ भागिले २८, म्हणजे ८९ टक्के. पाहिजे किमान ९५. मागच्या महिन्यातल्या उरलेल्या असतील तर त्या आधी दिलेल्या गोळ्यांत मिळवायच्या, हे हमखास विसरतात. आणि दरवेळी हिशोब अगदी बरोबर जुळत असेल तर खूश होऊ नका, जादा गोळ्या येताना ओढ्यात टाकून येणारे पण असतात. "गोळ्या घेता ना?" असं विचारलं की सगळेच हो म्हणतात, त्यापेक्षा "गेल्या आठवड्यात कुठला दिवस चुकला अक्का?" असं विचारायचं, म्हणजे चुकणं माणसाचंच असतं हे तुम्हीच आधी कबूल केलेलं असतं.

औषधांचं ज्ञान डॉक्टरएवढं नको, पण टीएलडी म्हणजे टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर एकाच गोळीत, दिवसातून एकदा, एवढं सगळ्यांना यायला हवं. गरोदर बाईला आशाताई लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या देते, आणि ह्या बाईचं स्टेटस आशाताईला माहीत असेलच असं नाही. ह्या गोळ्या आणि टीएलडी, दोन्ही उपाशीपोटी एकदम घेतल्या तर डोल्युटेग्राविर नीट लागू होत नाही. एकतर जेवणासोबत दोन्ही एकदम घ्यायच्या, नाहीतर टीएलडी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. प्रत्येक भेटीत खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम, ही टीबीची चार लक्षणं विचारायची, एक जरी असलं तरी तपासणीला पाठवायचं. टीबीचं रिफाम्पिसिन चालू झालं की डोल्युटेग्राविरचा आणखी एक डोस लागतो, म्हणून टीबी निघालेला पेशंट परत एआरटीच्या डॉक्टरांपुढे नेईपर्यंत त्याचा पाठपुरावा सोडायचा नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, सहाव्या महिन्याला, बाराव्याला आणि मग वर्षाला तपासायचं.

आता आपल्या भागाचं खास, जे राज्याच्या ट्रेनिंगमध्ये कुणी सविस्तर शिकवत नाही. निपाणीचा माणूस कोल्हापूरला, कागवाडचा मिरजेला आणि खानापूरचा गोव्याला औषध घेतो, कधी काम तिथं म्हणून, कधी ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. नवीन माणसाला ट्रान्सफर-आउटचा, म्हणजे पेशंट दुसऱ्या सेंटरला पाठवायचा, कागद कसा काढतात ते एकदा एआरटी सेंटरवर उभं राहून दाखवा, नाहीतर पेशंट दोन्हीकडं अर्धवट राहतो, इथं "गायब" आणि तिथं "नवीन". तात्पुरतं कामाला चाललेला आणि तब्येत स्थिर असलेला असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात का ते आधी विचारायचं. योजनांचा घोळ पण शिकवा, औषध कोल्हापूरला घेतलं म्हणून निपाणीच्या बाईला महाराष्ट्रातली संजय गांधी निराधार मिळत नाही, ती रहिवासावर आहे. उगाच आशा लावून कागद गोळा करायला लावू नका. आणि फॉर्म कन्नडमध्ये, पेशंट मराठीत, म्हणून रोल-प्ले दोन्ही भाषांत घ्या, फक्त इंग्रजी स्लाइड दाखवून सह्या घेतल्या तर ते ट्रेनिंग नव्हे.

सुई टोचली तर काय करायचं हे सफाई कामगारापासून सगळ्यांना. साबण-पाण्यानं धुवायचं, पिळायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, डेटॉल-स्पिरिट नको. पीईपीची, म्हणजे लागण टाळायला घ्यायच्या औषधाची, पहिली गोळी दोन तासांत मिळाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवस. पॉझिटिव्ह पेशंटला वापरलेली सुई टोचली तर लागणीचा धोका साधारण हजारात तीन, हे सांगा म्हणजे घाबरून कुणी लपवणार नाही. रात्री, रविवारी गोळी कुठं मिळते हे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आत्ताच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. असं प्रशिक्षण आणि पीईपी देणं कायद्यानं मालकाची जबाबदारी आहे, मेहेरबानी नाही.

काउन्सेलर घेताना सोशल वर्क, सायकॉलॉजी असली पदवी बघतात, ते ठीक, पण आउटरीचला स्वतः पॉझिटिव्ह असलेली माणसं मिळाली तर जरूर घ्या. त्यांचं स्टेटस मात्र ते स्वतः म्हणतील तेव्हाच आणि म्हणतील त्यालाच कळेल, बॅनरवर फोटो टाकून नव्हे.

पहिला महिनाभर जुन्या माणसाबरोबर जोडीनं पाठवा, बोलणं नवीन माणसानं करायचं, जुन्यानं ऐकायचं आणि परतीच्या बसमध्ये कुणाचं नाव न घेता चुका सांगायच्या. बसमध्ये नाव घेतलं तर ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. आणि हो, ट्रेनिंगच्या दिवसांचा प्रवासभत्ता कापू नका, अथणीहून बेळगावला यायला तिकीट लागतंच की.