ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये रॅम आणि एसएसडी बदलण्यापूर्वी

लॅपटॉप मंद चालतो म्हणून लगेच सुटे भाग मागवू नयेत. आधी रोजची सगळी कामे चालू ठेवून विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील 'परफॉर्मन्स' विभाग पाहावा. तिथे मेमरी, म्हणजेच रॅम (चालू कामांची माहिती तात्पुरती ठेवणारा भाग), सतत काठोकाठ भरलेली दिसत असेल, तरच रॅम वाढवण्याचा उपयोग होतो. तिथेच 'फॉर्म फॅक्टर'समोर 'एसओडिम' असे लिहिलेले असेल, तर ती रॅम काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल, तर ती मदरबोर्डवरच जोडलेली असते. टॅबलेटमध्ये बहुधा हाच प्रकार असल्याने तिथे खरेदीच्या वेळीच पुरेशी रॅम घ्यावी.

लॅपटॉपच्या रॅमच्या दोन पिढ्यांपैकी डीडीआर४ ची पट्टी २६० पिनांची आणि डीडीआर५ ची २६२ पिनांची असते. दोघींच्या खाचेची जागाही वेगळी असल्याने एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही, आणि जोर लावला तर स्लॉट तुटतो. वेगवेगळ्या वेगांच्या दोन पट्ट्या लावल्यास दोन्ही कमी वेगाने चालतात.

एसएसडीच्या, म्हणजे फाइली कायम साठवणाऱ्या भागाच्या, बाबतीत खरी फसगत एम.२ या नावामुळे होते, कारण ते केवळ आकाराचे नाव आहे. त्याच्यासोबतचा आकडा माप सांगतो: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंदी आणि ८० मिलिमीटर लांबी. २२४२ साठीच जागा असलेल्या लॅपटॉपमध्ये २२८० ची एसएसडी मावणार नाही. स्लॉट साटा या जुन्या, संथ जोडणी पद्धतीचा आहे की एनव्हीएमई या वेगवान पद्धतीचा, हे मात्र सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावे.

लॅपटॉप उघडण्यापूर्वी बिटलॉकरची (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की दुसरीकडे जपून ठेवावी, चार्जर काढावा आणि बॅटरीची जोडणी सोडवावी.