नेटफ्लिक्सवर मुलांसाठी मर्यादा घालताना पहिले कुलूप मोठ्यांच्या प्रोफाइलला

मुलांसाठी वेगळी प्रोफाइल तयार केली की काम झाले, असे अनेक पालक समजतात. प्रत्यक्षात टीव्ही सुरू होताच घरातील सर्वांच्या प्रोफाइल एका ओळीत दिसतात आणि आईबाबांच्या प्रोफाइलवर रिमोटचे बटण दाबायला सात वर्षांच्या मुलालाही वेळ लागत नाही. म्हणून मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला, आजीआजोबांच्या प्रोफाइलसह, आधी पिन लावावा.

ही कामे फोनच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमधून करणे सोयीचे असते. नेटफ्लिक्समध्ये लॉग इन करून ‘अकाउंट’ या पानावर जावे, तेथील प्रोफाइलच्या यादीतून मोठ्यांपैकी एकाची प्रोफाइल उघडावी आणि ‘प्रोफाइल लॉक’ निवडून, खात्याचा पासवर्ड देऊन, चार अंकी पिन ठरवावा. जन्मसाल किंवा फोन क्रमांकाचे शेवटचे चार अंक कटाक्षाने टाळावेत, कारण मुले ते सर्वप्रथम वापरून पाहतात. टीव्हीवर पिन देताना मूल शेजारी बसलेले असेल, तर रिमोटवरची आपली बोटे त्याला दिसतात, याचेही भान ठेवावे. एका खात्यात पाच प्रोफाइल करता येतात. जागा शिल्लक असेल, तर मूल स्वतःच बंधन नसलेली नवी प्रोफाइल तयार करू शकते. त्यामुळे नवी प्रोफाइल जोडतानाही पिन मागितला जावा, हा पर्याय मुख्य प्रोफाइलच्या लॉकमध्ये अवश्य सुरू करावा.

त्यानंतर मुलाच्या प्रोफाइलकडे वळावे. लहान मुलांसाठी ‘किड्स’ प्रोफाइल पुरेशी ठरते. थोड्या मोठ्या मुलांसाठी साधी प्रोफाइल ठेवून पॅरेंटल कंट्रोल्समध्ये वयोमर्यादा निवडता येते. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कार्यक्रमांचे यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असे वर्गीकरण केले जाते, आणि यू/ए १३+ व त्यावरील कार्यक्रमांना कुलूप लावण्याची सोय देणे सेवांना बंधनकारक आहे. मात्र हे वर्गीकरण सर्व मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. भुताच्या दृश्याने रात्रभर दचकणारे दहा वर्षांचे मूल आपल्या घरात असेल, तर त्याला काय झेपते हे पालकांनीच ठरवायला हवे. वयोमर्यादेत बसणारा, तरीही नको वाटणारा एखादा कार्यक्रम असेल, तर त्याच विभागात त्याचे नाव शोधून तो त्या प्रोफाइलपुरता रोखता येतो.

एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होणेही त्या प्रोफाइलच्या ‘प्लेबॅक सेटिंग्ज’मध्ये बंद करता येते. झोपेच्या वेळेवरून रोज वाद होत असतील, तर माझ्या मते ही एक सोय वयोमर्यादेइतकीच मोलाची आहे.

सर्व बदल जतन केल्यावर टीव्हीसमोर बसून मुलाच्या प्रोफाइलमधून रोखलेला कार्यक्रम स्वतः शोधून पाहावा आणि मोठ्यांच्या प्रोफाइल पिनशिवाय उघडत नाहीत ना, याचीही खात्री करावी. पाहिलेल्या कार्यक्रमांची यादी प्रत्येक प्रोफाइलच्या नोंदींत मिळते. ती मुलाबरोबर बसून पाहिल्यास चोरून पाळत ठेवल्याची भावना त्याच्या मनात येत नाही.

पिन विसरल्यास खात्याचा पासवर्ड देऊन तो बदलता येतो. म्हणूनच मूल ज्या फोनवर खेळते, त्या फोनच्या ब्राउझरमध्ये हा पासवर्ड साठवलेला असल्यास तो आजच काढून टाकावा.