ब्रेक ऑइल आणि होज बदलताय? या चुका टाळा

पुढचे दोन्ही कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारे भाग) साफ करून मी स्वतः परत बसवले होते. होज (कॅलिपरपर्यंत जाणाऱ्या लवचिक नळ्या) नवे, ऑइल नवं. दोन अख्ख्या बाटल्या ब्लीडिंगमध्ये, म्हणजे आतली हवा बाहेर काढण्यात, गेल्या, नळीतून बुडबुडे येणंही थांबलं, तरी पेडल स्पंजासारखंच. शेवटी आडवं पडून टॉर्च मारला, तर ब्लीडर निप्पल (हवा बाहेर सोडायचं तोंड) कॅलिपरच्या खालच्या अंगाला. डावा कॅलिपर उजवीकडे बसला होता आणि उजवा डावीकडे. हवा वर चढते, त्यामुळे निप्पल खाली असलं की वरची हवा कितीही ऑइल ओतलं तरी बाहेर पडत नाही. तेव्हापासून कॅलिपर काढायच्या आधी मी त्यावर खडूने खूण करतो, आणि बसवल्यावर सगळ्यात आधी निप्पल वर आहे ना, ते बघतो.

आता ऑइलबद्दल. सवयीने आपण ‘ऑइल’ म्हणतो, पण डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 हे ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत. त्यात चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल पडलं तर रबरी सील फुगतात आणि पूर्ण सिस्टिम उघडावी लागते. हा द्रव हवेतली ओल शोषतो. डॉट 4 कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. रोजच्या रस्त्यावर हा फरक जाणवतही नाही. ट्रॅकवर लांब सरळ पट्टा संपताना जोरात ब्रेक मारला, की डिस्कची उष्णता पॅड आणि पिस्टनमधून ऑइलपर्यंत पोहोचते. ऑइल उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकतं. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा बरंच सावरतं, आणि म्हणूनच ‘आता ठीक आहे’ म्हणत लोक तेच जुनं ऑइल घेऊन पुन्हा ट्रॅकवर उतरतात. असं करू नका. एकदा उकळलेलं ऑइल बदलायलाच हवं.

डॉट 5 हे नाव बघून ते डॉट 4 च्या पुढची पायरी आहे असं वाटतं. तसं नाही. ते सिलिकॉनचं असतं, ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या गाड्यांना चालत नाही. हवं असलं तर डॉट 5.1 घ्या, तेही गाडीच्या मॅन्युअलमध्ये चालतं असं लिहिलं असेल तर. 300 अंशांच्या वर उकळणारी रेसिंगची ऑइलं चांगलीच असतात, पण ती वारंवार बदलायची तयारी हवी. साध्या रस्त्यावरच्या गाडीला दर 2 वर्षांनी बदल पुरतो. आणि मागच्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली वापरू नका, झाकण कितीही घट्ट असो.

होज बदलताना

खरं नुकसान इथे होतं. लोखंडी पाईपचा नट गंजून धरलेला असतो आणि घाईत आपण साधा ओपन पाना लावतो. नटाचे कोपरे गेले की बहुतेक वेळा पाईपच बदलावा लागतो. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, नटाला फ्लेअर नट पानाच (नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा पाना) लावा, आणि होजचं टोक दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. नाहीतर नटाबरोबर पाईपही पिळला जातो.

जोड उघडला की टाकीतलं ऑइल थेंबथेंब गळत राहतं. टाकी रिकामी झाली तर हवा मास्टर सिलिंडरपर्यंत (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग), आणि पुढे एबीएसच्या मॉड्युलेटरपर्यंत (चाकांचा दाब कमी-जास्त करणारा भाग) जाते. तिथली हवा काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने एबीएसचा पंप चालवावा लागतो. यावर सोपा उपाय आहे. पेडल थोडंसं दाबून काठीने अडकवून ठेवा. मास्टर सिलिंडरमधलं टाकीकडचं छिद्र बंद होतं आणि गळती जवळजवळ थांबते. तेवढ्या वेळात ब्रेक लाइट पेटून बॅटरी उतरू नये म्हणून बॅटरीची तार काढून ठेवा.

होजच्या टोकाचं कडं म्हणजे बँजो, आणि ते कॅलिपरला धरणारा पोकळ बोल्ट म्हणजे बँजो बोल्ट. बँजो बोल्टला दोन तांब्याचे वॉशर लागतात, बँजोच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि दोन्ही नवे. जुना वॉशर एकदा दाबून बसलेला असतो, तो पुन्हा नीट सील करेल याची खात्री नसते. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे सील आट्यांनी होत नाही, आणि टेपचा तुकडा आत गेला तर तो कुठे अडकेल सांगता येत नाही.

स्टीलची जाळी असलेले होज बसवल्यावर गाडी उचललेली असतानाच स्टीअरिंग डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण फिरवा. मग चाक टेकवून पुन्हा तेच करा. होज कुठे ताणला जातोय, पिळतोय की टायरला घासतोय ते बघा. ही जाळी कानशीसारखी असते, ज्याला घासेल ते कापते. जुना कॅलिपर काढल्यावर होजवर लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

ब्लीडिंग आणि नंतरचं पेडल

जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरचं सील एरवी जिथे पोहोचत नाही तिथे गंज आणि घाण साचलेली असते, सील तिच्यावरून सरकलं की फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल वर सोडायच्या आधी निप्पल बंद झालं पाहिजे. व्हॅक्यूम पंप वापरत असाल तर निप्पलच्या आट्यांमधून हवा ओढली जाते आणि खोटे बुडबुडे दिसत राहतात, त्यामागे लागून ऑइल घालवू नका. कोणतं चाक आधी, हे मॅन्युअलमध्ये बघा. ‘सगळ्यात लांबचं आधी’ हा नियम प्रत्येक गाडीला लागू पडत नाही.

काम झाल्यावर पेडल काय सांगतं ते नीट ऐका. स्पंजासारखं असेल तर हवा आहे. पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेलाय. कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर बहुतेक पॅड तापलेत, ऑइलचा दोष नाही. पहिल्यांदा खोल आणि लगेच दुसऱ्यांदा नीट, असं ट्रॅकवर होत असेल तर चाकाच्या बेअरिंगमधला खेळ तपासा, डिस्क हलून पॅड मागे ढकलत असते.

ब्रेक सोडल्यावरही चाक जाम राहत असेल तर निप्पल उघडा. चाक मोकळं झालं, म्हणजे आत दाब अडकला होता. चाक तरीही जाम असेल तर पिस्टन किंवा स्लाइड पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) धरलीय. दाब अडकत असेल, तर पुढच्या खेपेला चाक जाम असताना होजचा लोखंडी पाईपकडचा जोड सैल करा. तरीही चाक सुटलं नाही तर होजच आतून बंद झालाय. जुन्या रबरी होजचं आतलं अस्तर सुटून झडपेसारखं काम करतं, ऑइल जाऊ देतं पण परत येऊ देत नाही. बाहेरून होज अगदी ठणठणीत दिसतो.

रंगावर सांडलेलं ऑइल लगेच भरपूर पाण्याने धुवा, फडक्याने चोळू नका. इंजिन चालू ठेवून पेडल जोरात अर्धा मिनिट दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला प्रत्येक जोड बघायला सांगा. मग मोकळ्या जागेत हळू चालवून बघा. दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना बँजोभोवती कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर बोल्ट आणखी आवळत बसू नका, तो तुटतो. उघडा आणि वॉशर बदला.