उन्हाळ्यात कामिनो चालायचाय? मार्ग निवडताना या चुका टाळा

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सान्तियागो दे कोम्पोस्तेला हे शहर आहे. येशूचा शिष्य याकोब, म्हणजे सेंट जेम्स, यांचे अवशेष तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहेत या श्रद्धेने नवव्या शतकापासून लोक तिथे पायी जातात. या वाटांना कामिनो म्हणतात. २०२४ साली सुमारे ५ लाख यात्रेकरूंची तिथे नोंद झाली. हल्ली मराठी माणसंही बरीच विचारायला लागली आहेत, आणि त्यांचे बहुतेक प्रश्न बूट आणि सॅक यांचे असतात. बूट चुकले तर फोड येतात, ते आठवड्यात बरे होतात. उन्हाळ्यात वाट चुकीची निवडली तर मात्र अख्खी रजा वाया जाते.

फ्रेंच वाट म्हणजेच कामिनो, असं धरून चालणं

पुस्तकांत, सिनेमांत दिसते ती कामिनो फ्रान्सेस. फ्रान्समधल्या सेंट-जाँ-पिए-द-पोर या गावापासून सान्तियागोपर्यंत साधारण ७८० किलोमीटर, महिना-सव्वा महिन्याची चाल. वाट सुंदर आहे, गावं जवळजवळ आहेत, मुक्कामाच्या धर्मशाळा (त्यांना अल्बेर्गे म्हणतात) भरपूर आहेत. पण बुर्गोस ते लेओन हा मधला जवळपास १८० किलोमीटरचा टप्पा मेसेटा नावाच्या पठारावरून जातो. गव्हाची शेतं, सरळसोट वाट आणि झाड नावालाच. कारियोन दे लोस कोन्देस सोडलं की पुढचं गाव तब्बल १७ किलोमीटरवर. जुलैत तिथे कापणी झालेली असते आणि सावली म्हणून आपल्या टोपीचीच काय ती मिळते.

मे महिन्यात हीच मेसेटा हिरवीगार असते. म्हणून महाराष्ट्रातून निघणाऱ्यांना माझा सल्ला अगदी सोपा आहे: शाळांची आपली सुटी मे महिन्यात असते, ती तिथे वसंतात पडते, तिचा फायदा घ्या आणि फ्रेंच वाट खुशाल चाला. अडचण अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांची होते. मुलांच्या सुट्या जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमक्या भट्टीत.

त्याहून वाईट निवड व्हिया दे ला प्लाताची. सेविलहून निघणारी ही जवळजवळ १००० किलोमीटरची वाट रोमन रस्ते, जुने पूल आणि कमी गर्दी यांमुळे मोह पाडते. पण ती अंदालुसिया आणि एक्स्त्रेमादुरा या प्रांतांतून जाते. उन्हाळ्यात तिथे पारा ४० अंशांच्या वर जाणं नेहमीचंच, आणि दोन गावांमध्ये कधीकधी पंचवीस-तीस किलोमीटर पाण्याचा थेंब नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ती वाट निवडूच नये. मार्चमध्ये जा, ऑक्टोबरमध्ये जा.

"आम्ही नागपूरचे, आम्हाला काय ऊन सांगता?"

हे वाक्य ऐकलं की मी एकच विचारतो: मे महिन्यात दुपारी दोनला नागपूरकर कुठे असतो? कूलरसमोर. बाहेर पडावंच लागलं तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. पाठीवर सात किलो घेऊन तो पंचवीस किलोमीटर चालत नाही. ऊन सोसायचं कसं यापेक्षा ते टाळायचं कसं, हे आपल्याला येतं. तेच शहाणपण तिकडे न्यायचं.

पंढरीच्या वारीचा अनुभवही इथे फसवतो. वारी ज्येष्ठ-आषाढात, आभाळ आलेलं, दिंडीचं सामान ट्रकमध्ये, वाटेत पाण्याचे टँकर, चहा, केळी. कामिनोवर ज्याची-त्याची सॅक ज्याच्या-त्याच्या पाठीवर. पुढच्या मुक्कामी सामान पोहोचवणाऱ्या गाड्या फ्रेंच वाटेवर काही युरोंत मिळतात. त्या घेण्यात कमीपणा मानू नका, दिंडीतही आपण तेच करतो. कमी वर्दळीच्या वाटांवर मात्र ही सोय असेलच असं नाही, तेव्हा वाट ठरवतानाच ते विचारून घ्या.

घड्याळातले बारा आणि डोक्यावरचे बारा

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि हिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. स्पेन भूगोलाच्या मानाने फार पुढचं घड्याळ वापरतो, त्यात उन्हाळ्यात ते आणखी एक तास पुढे जातं. सान्तियागोच्या बाजूला सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी साधारण अडीच-पावणेतीनला. जूनअखेर मावळतो रात्री दहानंतर. म्हणजे दुपारी बारा वाजता "आता उतरलं ऊन" म्हणायची सोय नाही, ते अजून चढतं आहे. खरी काहिली संध्याकाळी चार ते सहा. आपल्या सवयीने कुणी अकरा ते तीन विसावा घेऊन चारला पुन्हा निघालं, तर बरोबर आगीत जाऊन पडेल.

तिथला हिशोब असा: पहाटे साडेपाच-सहाला, टॉर्चच्या उजेडात निघायचं आणि एक-दीडपर्यंत मुक्कामाला पोहोचायचं. ज्या वाटेवर सात तासांत गाठता येईल असा मुक्काम रोज मिळत नाही, ती वाट उन्हाळ्यासाठी तुमची नाही. नकाशावर वाटेची लांबी बघण्याआधी हे बघा. आणि दोन ते पाच दुकानं बंद असतात, रविवारी तर बहुधा दिवसभर, तेव्हा पाणी आणि फळं आधीच घ्या. नळावर 'नो पोताब्ले' लिहिलं असेल तर ते पाणी पिण्याचं नाही.

थंड म्हणजे सोपी, असा समज

उन्हाळ्यासाठी उत्तरेकडच्या वाटा चांगल्या, हे खरंच. इरुनपासून समुद्रकाठाने जाणारी कामिनो देल नोर्ते सुमारे ८२० किलोमीटर, हवा गार. पण चढउतार असे की आपल्या कोकणातल्या सड्या-खाड्या आठवाव्यात. शिवाय ऑगस्ट हा स्पॅनिश लोकांच्या रजेचा महिना, ते सगळे याच किनाऱ्यावर येतात आणि खोल्यांचे भाव चढतात. सरकारी अल्बेर्गेत बहुधा आरक्षण नसतं, आधी येईल त्याला खाट.

ओव्हिएदोहून निघणारी प्रिमितिवो साधारण ३२० किलोमीटर, दोन आठवड्यांत होते. लहान म्हणून हिला हलकी समजू नका, सगळा डोंगराचा मामला आहे. ओस्पितालेस नावाच्या तिच्या उंच टप्प्यावर गाव नाही, दुकान नाही, आणि जुलैतही दाट धुकं उतरतं. गुडघे मजबूत असतील तर उन्हाळ्यासाठी माझी पहिली पसंती हीच. नसतील तर पोर्तोहून किनाऱ्याची पोर्तुगीज वाट, दोनेक आठवडे, समुद्राचा वारा आणि बरीचशी सपाटी. पोर्तोचीच आतली वाट थोडी लहान आहे, पण दगडी फरसबंदी तापते आणि तळव्यांची वाट लागते.

आठवडाभरच रजा आहे म्हणून सारिया

कोम्पोस्तेला हे प्रमाणपत्र मिळायला किमान १०० किलोमीटर पायी चालावं लागतं आणि यात्रेकरूच्या पुस्तिकेवर रोज दोन शिक्के घ्यावे लागतात. फ्रेंच वाटेवरच्या सारिया गावापासून सान्तियागो जेमतेम ११५ किलोमीटर, म्हणून यात्रेकरूंपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लोक तिथूनच निघतात. उन्हाळ्यात तिथे अक्षरशः जत्रा. त्यापेक्षा फेरोलहून इंग्लिश वाट घ्या: पाच-सहा दिवस, अंतर तेवढंच, गर्दी बरीच कमी, हवा बरी. हीच वाट आ कोरुन्याहूनही निघते, पण तिथून अंतर ७५ किलोमीटरच्या आसपास भरतं, हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या. २५ जुलै हा सेंट जेम्सचा सण, त्या आठवड्यात सान्तियागोत खोली मिळणं कठीण. २०२७ मध्ये तो रविवारी येतो, म्हणजे ते पवित्र वर्ष. आपल्या सिंहस्थासारखी गर्दी धरून चाला.

व्हिसाचंही मार्गाप्रमाणे ठरतं. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा व्हिसा) अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा, त्यामुळे पोर्तोहून निघणाऱ्यांनी पोर्तुगालचे आणि स्पेनचे दिवस आधी मोजावेत. शाकाहाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: तोर्तिया म्हणजे तिथे बटाट्याचं ऑम्लेट, त्यात अंडं असतं, मिश्र सॅलडवर टूना येतो आणि गालिसियाच्या (सान्तियागो ज्या प्रांतात आहे त्याच्या) भाजीच्या सूपमध्ये डुकराचं मांस असतं.

आणि वाट चुकीची निवडली गेलीच तर

तिकीट काढून झालंय, जुलै आहे, फ्रेंच वाट आहे. घाबरू नका. स्पेनच्या हवामान खात्याचे इशारे पिवळे, नारिंगी, लाल असे असतात. नारिंगीला अंतर अर्धं करा, लालला चालूच नका. वणव्यांकडेही लक्ष ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये याच वाटेवरचा आस्तोर्गा ते पोनफेरादा हा टप्पा आगींमुळे बंद ठेवावा लागला होता. घरून ओआरएसच्या पुड्या न्या. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा अंग तापूनही घाम येईनासा झाला, तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा.

आणि मेसेटा झेपत नसेल तर बुर्गोसहून सरळ लेओनची गाडी पकडा. प्रमाणपत्र शेवटच्या १०० किलोमीटरांवर मिळतं, मधल्या १८० वर नाही. लेओनपासून सान्तियागो अजून तीनशे किलोमीटर उरतंच.